बॉल उंच, पल्ला कमी : नवा ड्रायव्हर घेण्याआधी हे वाचा



मदतनिधीचा गोल्फ-दिवस जवळ आला की रेंजवर आपली बरीच ओळखीची तोंडं दिसायला लागतात. वर्षभर गराजमध्ये धूळ खात पडलेल्या बॅगा बाहेर निघतात, नवे ग्लोव्ह येतात, आणि दोन बादल्या बॉल मारून झाले की एक तक्रार हमखास कानावर येते : "लागतो छान हो, पण नुसता वर जातो. पुढे जायचं नावच नाही!"

त्यावर सल्ले द्यायला आपण मराठी माणसं कधी कमी पडलोय का? एक जण म्हणतो, "काका, टी खाली घ्या." दुसरा विचारतो, "तुमचा ड्रायव्हर साडेदहाचा ना? मग नऊचा घ्या." तिसरा थेट दुकानाचा पत्ताच देतो, वर सेल कधी संपतो तेही सांगतो.

यातला प्रत्येक सल्ला कोणाच्या ना कोणाच्या बाबतीत बरोबर असतो. पण सल्ला देणाऱ्याने तपासणी केलेली नसते. "बॉल फार उंच जातो" हे ताप येण्यासारखं आहे. ताप हे लक्षण, आजार नव्हे. मलेरियाचा ताप आणि साध्या सर्दीचा ताप यांना एकच गोळी देऊन चालत नाही. ड्रायव्हरचा बॉल उंच जाण्यामागे साधारण तीन वेगवेगळी कारणं असतात, आणि गंमत म्हणजे एकाचं औषध दुसऱ्याला चक्क अपाय करतं. आपला आजार कोणता हे घरच्या घरी कसं ओळखायचं आणि खिशाला चाट न लावता तो कसा बरा करायचा, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

आपल्याला काय त्याचं?

अशा निधीसाठीच्या स्पर्धा बहुधा स्क्रॅम्बल पद्धतीने खेळतात. चौघांनी बॉल मारायचा, त्यातला सर्वांत चांगला निवडायचा, आणि पुढचा फटका चौघांनीही तिथूनच खेळायचा. त्यामुळे नवख्या माणसाला वाटतं, माझा ड्राइव्ह वाया गेला तरी काय बिघडलं, बाकीचे तिघं आहेत की! पण अनेक ठिकाणी एक अट असते : प्रत्येक खेळाडूचे किमान दोन किंवा तीन ड्राइव्ह वापरलेच पाहिजेत. शेवटच्या चार-पाच होलांवर लक्षात येतं की एका भिडूचा एकही ड्राइव्ह अजून वापरलेला नाही, आणि मग सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. त्या क्षणी बॉल सरळ वर जाऊन शंभर यार्डांवर पडला, तर चौघांचाही पुढचा फटका तिथूनच.

त्याहून मोठा तोटा वेगळाच आहे. "मला ड्राइव्ह जमत नाही, उगीच हसं नको" म्हणून कितीतरी जण नावच देत नाहीत. एक चौकडी कमी झाली की तिची प्रवेश फी कमी, तिच्या ओळखीचा एखादा होलचा प्रायोजक कमी, म्हणजेच निधी कमी. तेव्हा हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही.

उंच म्हणजे किती उंच?

अकरावी-बारावीच्या फिजिक्समध्ये आपण सगळ्यांनी घोकलंय : ४५ अंशांत फेकलेली वस्तू सर्वांत लांब जाते. पण ते गणित हवा नसताना. गोल्फच्या बॉलला हवा तर असतेच, शिवाय बॅकस्पिनही असतो. क्लब बॉलच्या मागे लागतो तेव्हा बॉल उलटा, म्हणजे मारणाऱ्याच्या दिशेने फिरत पुढे जातो. त्या फिरण्यामुळे हवा खाली ढकलली जाते आणि बॉल वर उचलला जातो. विमानाच्या पंखाला मिळतो तसा आधार बॉलला स्वतःच्या फिरण्यातून मिळतो. एडिंबरा विद्यापीठातले प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी १८९० च्या दशकात यावर बराच अभ्यास करून दाखवून दिलं, की लांब पल्ल्यामागे हा बॅकस्पिनच आहे. त्यांचा मुलगा फ्रेडी टेट स्वतः १८९६ आणि १८९८ चा ब्रिटिश अमॅच्युअर विजेता होता, म्हणजे प्रयोगाला माणूस घरातच होता!

हा आधार असल्यामुळे ड्रायव्हरचा बॉल ४५ नव्हे, तर साधारण १० ते १५ अंशांत निघाला की सर्वांत लांब जातो. पण बॅकस्पिन मिठासारखा आहे. अजिबात नसेल तर बॉल हवेत टिकत नाही, आणि जास्त झाला की सगळी ताकद पुढे जाण्याऐवजी वर चढण्यात खर्च होते.

मापं घेणाऱ्या ट्रॅकमन कंपनीचे बरीच वर्षं प्रचारात असलेले सरासरी आकडे बघा. पीजीए टूरवरच्या पुरुषांचा क्लब ताशी सुमारे ११३ मैल वेगाने येतो, बॉल सुमारे ११ अंशांत निघतो आणि मिनिटाला २६०० ते २७०० फेरे घेतो. एलपीजीए टूरवरच्या महिलांचा क्लब सुमारे ९४ मैलांनी येतो, बॉल साधारण १३ अंशांत निघतो, फेरे २६०० च्या आसपास, आणि बॉल जमिनीपासून सुमारे २५ यार्ड, म्हणजे ७५ फूट उंच जातो. एखाद्या सहा-सात मजली इमारतीएवढा!

आपण शनिवार-रविवारचे खेळाडू. आपल्यातल्या बऱ्याच जणांचा वेग ८५ ते ९५ मैल. म्हणजे आपण टीव्हीवर नक्कल करतो पुरुष खेळाडूंची, पण आपलं गणित जुळतं महिला खेळाडूंशी. त्यांचे स्विंग जरूर बघा, शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

यातून पहिला मुद्दा निघतो. उंची हा स्वतः दोष नाही. तुमचा बॉल उंच जाऊन लांब पडत असेल आणि पडल्यावर थोडा पुढे घरंगळत असेल, तर काहीही बदलू नका.

तीन दुखणी

आता खरी दुखणी. (मी सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहितोय. डावखुऱ्यांनी कृपया डावं-उजवं उलट करून वाचावं.)

पहिलं, "पतंग". बॉल जवळजवळ सरळ वर जातो आणि शंभर-सव्वाशे यार्डांवर येऊन पडतो. आवाजही "टण्ण" न येता "ठप्प" असा येतो. ड्रायव्हरच्या डोक्यावर, म्हणजे क्राउनवर, पांढरे ओरखडे दिसतात. बॉल फेसच्या अगदी वरच्या कडेला किंवा क्राउनलाच लागलेला असतो. कारण बहुतेक वेळा एकच : क्लब फार तिरका, वरून खाली येतोय आणि बॉलच्या खाली शिरतोय.

दुसरं, "फुगा". हा बॉल सुरुवातीला ठीक निघतो, किंबहुना थोडा खालूनच. मग अर्ध्या वाटेवर एकदम वर चढायला लागतो, हवेत थांबल्यासारखा होतो आणि दगडासारखा खाली येतो. पडल्यावर जागचा हलत नाही. समोरून वारा असेल तर विचारायलाच नको. हा जादा बॅकस्पिनचा आजार. बॉल फेसच्या खालच्या भागात लागलेला असतो, किंवा स्लाइससोबत फेस उघडा असतो.

तिसरं, "पळी". हा बॉल निघतानाच उंच निघतो, पहिल्या क्षणापासून. बहुतेकदा उजवीकडे झुकतो. क्राउनवर ओरखडा नसतो, बॉल फेसच्या मधोमधही लागलेला असू शकतो. इथे बॉलला लागताना मनगटं मोडतात, क्लबचं डोकं हातांच्या पुढे जातं आणि आमटी वाढल्यासारखा बॉल उचलला जातो. साडेदहा अंशांचा ड्रायव्हर त्या क्षणी सतरा-अठरा अंशांचा झालेला असतो.

लक्षात घ्या, तिघांचीही तक्रार एकच : "बॉल फार वर जातो." आणि तिघांनाही सल्ला एकच मिळतो : "टी खाली घ्या."

पंधरा मिनिटांची तपासणी

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा एक साधा नियम आहे : बग सापडण्याआधी कोडला हात लावायचा नाही. तोच इथे लावा. तीन गोष्टी लागतात : पायाला मारायच्या पावडरीचा स्प्रे (औषधांच्या दुकानात थोडक्या डॉलरांत मिळतो), फोन, आणि एक बादली बॉल.

१) ड्रायव्हरच्या फेसवर स्प्रेचा पातळ थर मारा. बॉल मारा. जिथे लागला तिथे गोल ठसा उमटतो. फोटो काढा, पुसा, पुन्हा मारा. असे दहा बॉल. एका फटक्यावरून निदान करू नका. दहापैकी सहा-सात ठसे जिथे आहेत, तो तुमचा खरा पत्ता.

२) फोन छातीच्या उंचीवर, तुमच्या समोर, बॉलच्या रेषेत ठेवा आणि स्लो मोशनमध्ये रेकॉर्ड करा. बॉलला लागायच्या क्षणी थांबवून दोनच गोष्टी बघा. डोकं बॉलच्या मागे आहे की बॉलच्या वर किंवा पुढे गेलंय? आणि हात क्लबच्या डोक्याच्या बरोबरीने आहेत की मागे राहिलेत?

३) शेजारच्याला बॉलचा मार्ग बघायला सांगा. निघतानाच उंच, की मध्येच चढतो? मारणाऱ्याला हे नीट दिसत नाही.

आता निदान सोपं आहे. ठसे वरच्या कडेला आणि डोकं पुढे गेलेलं : पतंग. ठसे खाली आणि बॉल मध्येच चढतो : फुगा. ठसे मध्यावर, हात मागे, बॉल निघतानाच उंच : पळी. एखाद्याला दोन आजार एकत्रही असतात, पण एक मुख्य असतो. आधी त्याच्या मागे लागा.

थोडं गणित, घाबरू नका

बॉलला लागताना फेस खरोखर किती मागे झुकलेला आहे, तो झाला त्या क्षणाचा लॉफ्ट. क्लब वर जातोय की खाली येतोय, तो झाला क्लबचा कोन. बॉल कोणत्या अंशात निघणार हे ड्रायव्हरच्या बाबतीत सुमारे ८५ टक्के लॉफ्ट ठरवतो आणि उरलेलं क्लबचा कोन. आणि बॅकस्पिन ढोबळमानाने या दोहोंमधल्या फरकावर अवलंबून असतो.

समजा, अ चा क्लब ४ अंश खाली येतोय आणि लॉफ्ट १६ अंश आहे. ब चा क्लब ३ अंश वर जातोय आणि लॉफ्ट १४ अंश. हिशेब करा : अ चा बॉल साधारण १३ अंशांत निघेल, ब चा साडेबारा अंशांत. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण अ चा फरक २० अंश, तर ब चा फक्त ११. म्हणजे वेग सारखा असला तरी अ च्या बॉलवर जवळपास पावणेदोन पट बॅकस्पिन! अ चा बॉल फुगणार, ब चा पळणार.

आता अ ने चिडून दीड अंश कमी लॉफ्टचा नवा ड्रायव्हर घेतला, तर फरक २० वरून साडेअठरावर येतो. तोच अ, तोच जुना क्लब, पण खाली येण्याऐवजी सपाट आणायला शिकला, तर फरक १६ वर येतो. पहिल्याला कित्येक शे डॉलर लागतात, दुसऱ्याला फक्त सराव. या लेखात सांगण्यासारखं मुख्य जे आहे ते एवढंच.

उपाय : पतंग

बॉल कुठे ठेवलाय बघा. तो दोन पायांच्या मध्यावर असेल तर क्लब खाली येता येताच त्याला लागणार. डाव्या टाचेच्या आतल्या बाजूच्या रेषेत आणा. पाय खांद्यांपेक्षा किंचित रुंद. मग उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली येईल असं कमरेतून उजवीकडे कला. उजवा हात सोडून उजव्या गुडघ्याकडे नेऊन बघा, शरीर आपोआप त्या स्थितीत येतं. डोकं बॉलच्या मागे आणि फटका लागेपर्यंत मागेच.

मग खोक्याचा सराव. तीन बॉलांचं रिकामं खोकं बॉलच्या पुढे साधारण एक फुटावर, लक्ष्याच्या रेषेत ठेवा. बॉल मारायचा, पण क्लब खोक्याला लागता कामा नये. क्लब वरून कुऱ्हाडीसारखा आला तर खोकं उडणारच. अंगण झाडल्यासारखा आला तर खोक्यावरून जाईल. आधी अर्ध्या स्विंगने, जमलं की पूर्ण. खाली येताना सुरुवात खांद्यांनी नाही, कमरेने करायची, कारण खांदे आधी फिरले की क्लब बाहेरून आणि तिरकाच येतो.

टीची उंची? बॉल अर्धा क्राउनच्या वर दिसेल इतपत. त्याहून फार उंच असेल तर जरूर कमी करा. पण ती ठीक असेल तर हात लावू नका. कुऱ्हाड तशीच ठेवून टी खाली घेतली, तर बॉल आता फेसच्या खालच्या भागात लागेल. म्हणजे पतंग गेला आणि फुगा आला!

(जाता जाता : लाकडी टीचं अमेरिकन पेटंट १८९९ मध्ये बॉस्टनच्या डॉ. जॉर्ज ग्रँट या कृष्णवर्णीय दंतवैद्याने घेतलं. त्याआधी लोक ओल्या वाळूची ढेकळं करून त्यावर बॉल ठेवायचे.)

उपाय : फुगा

इथे बऱ्याच जणांचा विश्वास बसत नाही : फुग्याला टी खाली नाही, वर घ्यायची असते. ड्रायव्हरचा फेस सपाट नसतो, वरपासून खालपर्यंत थोडा फुगीर असतो. बॉल मध्याच्या खाली लागला की क्लबचं डोकं किंचित पुढे कलतं आणि दोन दातेरी चाकं एकमेकांना फिरवतात तसं बॉलला जादा बॅकस्पिन देतं. मध्याच्या थोडं वर लागला की नेमकं उलट होतं. बॉल जरा उंच निघतो, पण स्पिन कमी होतो आणि तो लांब जातो. म्हणून ठशाचं लक्ष्य फेसचा मध्य किंवा त्याच्या बोटभर वर. बऱ्याचदा टी पाव इंच उंच केली की फुगा अर्धा बरा होतो.

टी बरोबर असूनही ठसे खालीच असतील, तर फटका मारताना तुम्ही उभे राहताय का ते व्हिडिओत बघा. कंबर बॉलकडे सरकते, छाती वर उचलली जाते आणि क्लबही तेवढाच वर जातो. छाती बॉलकडे झुकलेली ठेवायची.

सोबत स्लाइस असेल तर ग्रिप बघा. वरून पाहताना डाव्या हाताच्या दोन ते तीन पेरांचे उंचवटे दिसले पाहिजेत. एकच दिसत असेल तर हात थोडा उजवीकडे फिरवा. उघडा फेस म्हणजे जादा लॉफ्ट, आणि जादा लॉफ्ट म्हणजे जादा स्पिन. स्लाइस बरा करा, उंची आपोआप उतरते.

उपाय : पळी

"ड्रायव्हर वर जाताना मारायचा" हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं, आणि त्याचा अर्थ "बॉल वर उचलायचा" असा लावला जातो. इथेच घोळ होतो. क्लब वर जाताना लागायला हवा, पण ते काम बॉलची जागा आणि शरीराचा कल करतात. हातांनी उचलायचं काहीच नसतं.

बॉल डाव्या पायाच्या बोटांच्याही पुढे गेला असेल तर टाचेच्या रेषेत मागे घ्या. वजन उजव्या पायावर अडकतंय का बघा. फटका संपल्यावर छाती लक्ष्याकडे, वजन डाव्या पायावर, उजवा पाय फक्त अंगठ्यावर, आणि मनातल्या मनात तीन आकडे मोजेपर्यंत तसंच उभं राहता आलं पाहिजे. तोल जात असेल तर वजन मागे राहिलंय.

मग कमरेपासून कमरेपर्यंतचा छोटा स्विंग. शेवटी थांबून डावं मनगट बघा. ते आत मोडलेलं असेल तर पळी चालू आहे. मनगट सरळ आणि क्लब हाताच्या रेषेत असेल तर जमलं. दिवसाला वीस असे, आठवडाभर. घरी बॉल न ठेवताही करता येतात, फक्त दिवाणखान्यात नको!

एक सावधगिरी : पतंगवाल्यांनी उजवा खांदा खाली घेण्याचा अतिरेक केला की तेही मागे रेलून पळी चालवायला लागतात. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा दहा ठसे घ्या.

क्रिकेटची हाडं

आपल्यातले बहुतेक जण गल्लीतल्या किंवा कॉलेजच्या मैदानावरून या खेळात आलेत. स्ट्रेट ड्राइव्हला काय शिकवलं होतं? डोकं बॉलवर, वजन पुढच्या पायावर, बॉल डोळ्यांखाली. आयर्नने खेळताना ही सवय उपयोगी पडते. पण ड्रायव्हरला डोकं बॉलवर नेलं की क्लब तिरका खाली येतो, आणि उडाला पतंग. उलट, ज्यांना षटकाराची हौस ते मागे रेलून हात खालून नेतात, आणि मग पळी. दोन्हीकडे अंगात मुरलेली सवय आडवी येते. ड्रायव्हर हा बॅगेतला एकच क्लब असा, की ज्यात बॉल जमिनीवर नसतो, म्हणून त्याची उभं राहायची पद्धतही वेगळी. एवढं मनाशी पक्कं केलं तरी पुष्कळ.

आता हत्याराकडे

दोन-तीन आठवडे सराव झाला, ठसे मध्यावर आले, स्विंग सपाट किंवा किंचित वर जाणारा झाला, आणि तरीही बॉल सोळा-सतरा अंशांच्या वर निघतोय, तर मग जरूर क्लबकडे बघा. पण तेव्हाही आधी घरातल्या क्लबकडे!

ड्रायव्हर जोडणीत बदल करता येण्याजोगे बनवायला २००८ पासून नियमांनी परवानगी आहे. तुमच्या क्लबच्या मानेवर आकडे किंवा खुणा असतील तर सोबतच्या छोट्या पान्याने लॉफ्ट साधारण अंश-दीड अंश कमी-जास्त करता येतो. मात्र बहुतेक क्लबांत लॉफ्ट कमी केला की फेस थोडा उघडतो. स्लाइसवाल्याने लॉफ्ट कमी केला तर बॉल आणखी उजवीकडे जाईल. तळाशी सरकणारं वजन असेल तर ते फेसच्या जवळ आणल्याने उंची आणि स्पिन दोन्ही थोडे कमी होतात. शाफ्टमुळेही फरक पडतो, पण लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी.

आणि नऊ अंशांचा ड्रायव्हर? नव्वद मैलांच्या वेगाला तो बहुतेकांना त्रासच देतो. बॉल खाली निघतो, हवेत टिकत नाही, आणि मग तो उचलायला आपण पुन्हा पळी चालवतो. घ्यायचाच असेल तर मापं घेणाऱ्या यंत्रासमोर मारून, आकडे बघून घ्या. शेजाऱ्याच्या क्लबवरचा आकडा बघून नको.

खेळाच्या दिवशी

पान्याने जे काही करायचं ते आदल्या दिवशीच करा. फेरी चालू असताना क्लबची जोडणी बदलणं नियमात बसत नाही, आणि फेसवर स्प्रे मारणंही नाही. स्प्रे रेंजपुरताच.

समोरून वारा असेल तर जोर लावू नका. जोर लावला की स्पिन वाढतो आणि वारा त्याला आणखी वर नेतो. सत्तर-ऐंशी टक्के ताकदीने, तोल सांभाळून मारा.

पहिल्या टीवर हात थरथरत असतील तर सगळा लेख विसरा आणि तीनच गोष्टी बघा : बॉल डाव्या टाचेसमोर, बॉल अर्धा क्राउनच्या वर, डोकं बॉलच्या मागे. तुमचा एखादा ड्राइव्ह चांगला पडला की लगेच भिडूंना सांगा, "हा माझा वापरा." अटीतला एक हिशेब सुरुवातीलाच चुकता होतो आणि शेवटच्या होलांवरचं दडपण जातं.

आणि टेबलावर मलिगन विकायला ठेवलेले असतील तर बिनधास्त घ्या. मलिगन म्हणजे चुकलेला फटका पुन्हा मारायची मुभा. एरवी तो मागायला लाज वाटते, पण इथे त्याचे पैसे निधीत जातात. पतंग उडाला तरी दोर चांगल्या हातात!

शेवटी हिशेब

बाजारातल्या नावाजलेल्या नव्या ड्रायव्हरची किंमत पाचशे-सहाशे डॉलरच्या घरात असते. पावडरीचा स्प्रे, चार-पाच बादल्या बॉल आणि वाटल्यास प्रशिक्षकाचा एखादा तास धरला तरी खर्च त्याच्या निम्म्याच्याही आत राहतो. बरं, आजार न ओळखता घेतलेला नवा ड्रायव्हर बॉल तितकाच उंच मारतो, फक्त आवाज जरा महागडा येतो.

तेव्हा आधी दहा ठसे घ्या. आणि नव्या क्लबचे पैसे वाचले, तर त्यातला थोडा वाटा या पुस्तिकेतल्या देणगीच्या अर्जावर लिहा. ज्यांनी अजून नाव दिलेलं नाही त्यांनीही द्या. चौकडीत जागा असतेच, आणि पतंग उडवणारे तुम्ही एकटे नाही.